पार्टनर मीटिंग घ्यायचीय? आधी कोण कुणाला काय देणार ते लिहून काढा

सर्क्युलर इकॉनॉमीच्या, म्हणजे वापरलेला माल टाकून न देता परत वापरात आणायच्या, प्रोजेक्टवर नवीनच लागलायत, आणि कोऑर्डिनेटरनी सांगून टाकलं की पुढची पार्टनर मीटिंग तुम्हीच बघा. म्हणजे एक-दोन युनिव्हर्सिटी, एक सॉर्टिंग करणारी कंपनी, एक रिसायकलर, त्या मालापासून वस्तू बनवणारा उत्पादक, एक टेस्टिंग लॅब, एखादा पॉलिसीवाला ग्रुप, असे सात-आठ पार्टनर आणि हातात दोन दिवस. अशा वेळी बहुतेक जण हॉल, जेवण, प्रोजेक्टर आणि कोण कधी पोचणार याच्या मागे लागतात, ते लागायलाच हवं, पण ते कुणीही करू शकतं.

खरं काम वेगळं आहे. बाकीच्या बऱ्याच रिसर्च प्रोजेक्टमधे प्रत्येक पार्टनर आपापला तुकडा करत बसला तरी चालून जातं, शेवटी सगळे रिपोर्ट एकत्र शिवायचे. इथे तसं चालत नाही, कारण इथे एकाचं आउटपुट म्हणजे अक्षरशः दुसऱ्याचा कच्चा माल असतो. सॉर्टिंगवाल्याने चुकीची गाठोडी पाठवली की रिसायकलर अडला, रिसायकलर अडला की उत्पादकाचे ट्रायल अडले, ट्रायल नाहीत म्हणून लॅब रिकामी, आणि एलसीए (वस्तूचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत पर्यावरणावर किती परिणाम होतो त्याचा हिशोब) करणारी पोरगी तर सगळ्यांच्या आकड्यांची वाट बघत बसलेली. म्हणून मीटिंगचा वेळ या देवाणघेवाणीच्या सांध्यांवर घालवायचा. बाकी सगळं ईमेलवर होऊ शकतं.

१. करार वाचा, पण सगळा नाही

ग्रँटचा करार शंभर-दीडशे पानांचा असू शकतो, तो पहिल्याच आठवड्यात पाठ करायची गरज नाही. वर्क पॅकेजचं (कामाच्या वाटण्यांचं) टेबल, डिलिव्हरेबलची (करून द्यायच्या गोष्टींची) यादी आणि माइलस्टोन (महत्त्वाचे टप्पे) एवढं आधी काढा. तारखांच्या जागी एम६, एम१८ असं काहीतरी दिसेल, तो प्रोजेक्ट सुरू झाल्यापासूनचा महिना असतो, कॅलेंडरचा नाही, तेव्हा एकदाच बसून सगळ्यांच्या खऱ्या तारखा लिहून टाका. पार्टनरांनी आपसात केलेला कन्सॉर्शियमचा करार वेगळा असतो, तोही मागून घ्या. मतदान कसं होतं, निर्णयाला किती जण हजर लागतात, अजेंडा किती दिवस आधी पाठवायचा, हे त्यात असतं, आणि ते पाळलं नाही तर पुढे कुणीतरी नाराज पार्टनर म्हणू शकतो की तो निर्णय वैध नव्हताच.

२. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळं विचारा

या लेखातलं एकच काहीतरी करायचं ठरवलंत तर हे करा.

एक साधी शीट बनवा. कॉलम असे: देणारा, घेणारा, काय, किती, कोणत्या रूपात, कधीपर्यंत, आणि शेवटचा कॉलम ‘कसं असलं तर चालेल आणि कसं असलं तर नाही’. माल असो, डेटा असो, मॉडेल असो, सगळं यात येतं. मग ही शीट देणाऱ्याला पाठवा आणि घेणाऱ्यालाही पाठवा, पण एकमेकांची उत्तरं दिसणार नाहीत अशी. दोन्ही परत आल्या की शेजारी शेजारी ठेवा.

समजा सॉर्टिंग आणि धुलाई करणारा लिहितो, ‘पीपीचे (पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे) धुतलेले फ्लेक्स (तुकडे), ५०० किलो, मार्चपर्यंत’. घेणारा उत्पादक लिहितो, ‘पीपीचे ग्रॅन्युल्स (वितळवून केलेले दाणे), २ टन, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, रंग एकसारखा आणि वास नको’. दोघंही गेले सहा महिने प्रत्येक ऑनलाइन कॉलवर ‘आमचं सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय’ असंच सांगत असतात, आणि खोटं कुणीच बोलत नसतं. फ्लेक्सचे ग्रॅन्युल्स कोण करणार, हे काम कुठल्याच वर्क पॅकेजमधे लिहिलेलं नाही एवढंच. जिथे जिथे दोन शीट जुळत नाहीत ती तुमच्या मीटिंगची खरी विषयपत्रिका. जिथे जुळतात तिथे एक मिनिटही घालवू नका.

हे करताना थोडी कटकट होईल. सिनियर प्रोफेसर मंडळींना वाटतं हा काय नवा फॉर्म, प्रपोजलमधे सगळं लिहिलंय की. प्रपोजल लिहिलं तेव्हा सगळे घाईत होते आणि डेडलाइन डोक्यावर होती, हे तुम्ही बोलून दाखवू नका, नम्रपणे रिमाइंडर पाठवत राहा.

३. अजेंडा प्रश्नांच्या रूपात लिहा

आठ पार्टनर, प्रत्येकी वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन, म्हणजे १६० मिनिटं, वर प्रश्न, वर एचडीएमआयची वायर बदलणं, पहिला दिवस संपला. त्यात निर्णय शून्य. त्यापेक्षा प्रत्येकाकडून एक पानाचा अपडेट आठवडाभर आधी मागवा, सगळ्यांना पाठवा, आणि मीटिंगमधे प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, तीही फक्त ‘काय अडलंय’ एवढ्यासाठी.

अजेंडावर ‘वर्क पॅकेज ३ अपडेट’ असं लिहिलं की लोक ऐकायला बसतात. त्याऐवजी ‘काळं प्लॅस्टिक सॅम्पलमधून वगळायचं का?’ असं लिहा, लोक तयारी करून येतात. हा प्रश्न उगाच नाही घेतला. नियर इन्फ्रारेडवर चालणारी सॉर्टिंग मशीन वस्तूवरून परत येणारा प्रकाश वाचून प्लॅस्टिक ओळखते, आणि काळ्या रंगासाठी वापरतात तो कार्बन ब्लॅक हा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे मशीनला ती वस्तू जवळपास दिसतच नाही आणि ती रिजेक्टमधे जाते. आता हे वगळायचं ठरलं तर सॉर्टिंगवाला सुटला, पण डिझाइनवाल्यांना आपल्या वस्तूचा रंग बदलावा लागेल आणि रिकव्हरीचा आकडा कशाच्या प्रमाणात मोजायचा तेही बदलेल. एका ओळीच्या प्रश्नावर तीन पार्टनर एकत्र बोलायला लागतात, मीटिंग यासाठीच असते.

बोलावताना एक बघा, फक्त डायरेक्टर आणि प्रोफेसर नकोत. प्लांटवर मशीन चालवणारा किंवा शिफ्ट बघणारा माणूस निदान एका सेशनला तरी पाहिजे. पावसाळ्यात मालाची ओल किती वाढते, कुठला ब्लेड दर आठवड्याला बदलावा लागतो, हे त्याला माहीत असतं आणि ते कुठल्याच रिपोर्टमधे नसतं. भाषेचा प्रश्न असेल तर शेजारी समजावून सांगणारा कुणीतरी बसवा.

४. आकडे आणतानाच सरळ करून आणा

मीटिंगमधे निम्मी भांडणं आकड्यांची असतात आणि त्यातली बरीचशी भांडणं नसतातच, दोघं वेगवेगळं मोजत असतात.

ओला माल की सुका? १० टन सेंद्रिय कचऱ्यात ६० टक्के पाणी असेल तर सुका माल ४ टनच. कचरा गोळा करणारा १० म्हणणार, बायोगॅसवाला संशोधक ४ धरून हिशोब करणार, आणि दोघांच्या एक्सेलमधे कॉलमचं नाव एकच, ‘टन’.

यील्ड, म्हणजे आत आलेल्या मालातला किती टक्के बाहेर पडला, हा तर सगळ्यात बेरकी शब्द. समजा १०० किलो गोळा झालं, सॉर्टिंगनंतर ७० उरलं, धुऊन वितळवून ५६ किलो ग्रॅन्युल्स निघाले. रिसायकलर म्हणतो आमचा यील्ड ८० टक्के, कारण त्याच्या दारात ७० आले आणि ५६ बाहेर पडले. पूर्ण साखळीचा विचार केला तर तो ५६ टक्के आहे. दोन्ही बरोबर, फक्त ‘कुठून कुठपर्यंत’ हे सांगितलं पाहिजे. हा घोळ फक्त छोट्या प्रोजेक्टांतला नाही बरं का, युरोपियन युनियनने २०१८ साली कचऱ्याचे नियम सुधारले तेव्हा रिसायकलिंगचं प्रमाण गोळा झालेल्या मालावर न मोजता प्रत्यक्ष रिसायकलिंगच्या प्रक्रियेत शिरणाऱ्या मालावर मोजायचं, असा बदल केला.

टेस्टिंगच्या अटीही अशाच. वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं हे सांगणारा मेल्ट फ्लोचा आकडा (एमएफआय) पीपीसाठी साधारणपणे २३० अंशाला आणि पीईसाठी (पॉलिएथिलीनसाठी) १९० अंशाला घेतात, दोन्हीला २.१६ किलोचं वजन ठेवून. एकाच्या शीटवर ‘एमएफआय १२’ आणि दुसऱ्याच्या शीटवर ‘एमएफआय ५’ एवढंच लिहिलेलं असेल आणि तापमान-वजन लिहिलेलंच नसेल तर त्या दोन आकड्यांची तुलना करत बसण्यात काही अर्थ नाही. मटेरियल वेगळं असेल तर नियम वेगळे असतील, पण विचारायचा प्रश्न तोच, कोणत्या अटीत मोजलं.

सॅम्पलच्या पिशव्यांवर लेबल हवं: कुठल्या बॅचमधून, कुठल्या तारखेला, प्रक्रियेच्या कुठल्या टप्प्यावर काढलं, किती वजन, ओलं की वाळवलेलं, कुणी काढलं. मार्करने पिशवीवर ‘सॅम्पल नवीन’ लिहून पाठवणारे पीएचडीवाले जगभर आहेत, त्या ‘नवीन’चं सहा महिन्यांनी काय करायचं ते त्यांनाही सांगता येत नाही. आणि दोन पिशव्या तशाच सीलबंद ठेवून द्यायला सांगा, पुढे रिझल्टवर शंका आली तर परत टेस्ट करता येते.

५. सीमारेषा आणि श्रेय, याला अर्धा दिवस द्या

हो, अर्धा दिवस.

पहिली गोष्ट, प्रोजेक्ट नेमका काय करतोय यावर एकमत. २०१७ साली एका अभ्यासात सर्क्युलर इकॉनॉमीच्या ११४ व्याख्या तपासल्या गेल्या, यावरून कल्पना येईल की खोलीतल्या आठ जणांच्या डोक्यात आठ चित्रं असणार. एकासाठी सगळं रिसायकलिंग, दुसऱ्यासाठी दुरुस्ती आणि पुनर्वापर, तिसऱ्यासाठी वस्तू विकण्याऐवजी भाड्याने देणं. नवीन व्याख्या बनवायच्या भानगडीत पडू नका. २०२४ मधे आयएसओची ५९००४, ५९०१० आणि ५९०२० ही स्टँडर्ड्स आली आहेत, पहिलं संज्ञा आणि तत्त्वांचं, दुसरं बिझनेस मॉडेलचं, तिसरं सर्क्युलॅरिटी मोजण्याचं. ‘आम्ही हे धरतो’ एवढं ठरवून पुढे जा.

दुसरी गोष्ट फंक्शनल युनिट, म्हणजे तुलनेचं माप. एलसीए आयएसओ १४०४० आणि १४०४४ प्रमाणे करायचा तर तुलना कशाची करतोय हे आधी ठरवावं लागतं. परत वापरायचा क्रेट आणि एकदाच वापरून टाकायचा खोका यांची ‘एक नग विरुद्ध एक नग’ अशी तुलना केली तर क्रेट हरणारच, तो जड असतो, जास्त मटेरियल खातो. तुलना करायची ती ‘एवढ्या मालाची १००० वेळा ने-आण’ अशी, आणि मग लगेच पुढचा प्रश्न येतो की क्रेट खरोखर किती फेऱ्या टिकतो आणि किती क्रेट परतच येत नाहीत. हा आकडा एलसीएवाल्याकडे नसतो, लॉजिस्टिक्सवाल्या पार्टनरकडे असतो, आणि त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक, फायदा कुणाच्या नावावर. भंगारातून ॲल्युमिनियम परत बनवायला खनिजातून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. ही बचत कुणाची? ज्याने आपली वस्तू सहज सुटी होईल अशी डिझाइन करून भंगार उपलब्ध करून दिलं त्याची, की ज्याने नवा धातू न घेता रिसायकल केलेला घेतला त्याची? दोघांनीही आपापल्या वार्षिक अहवालात पूर्ण बचत दाखवली तर ती दोनदा मोजली गेली. यासाठी पद्धती आहेत, एकीत सगळं श्रेय रिसायकल माल वापरणाऱ्याला, दुसरीत माल पुढे देणाऱ्याला, आणि युरोपियन युनियनच्या प्रॉडक्ट एन्व्हायरन्मेंटल फूटप्रिंट या मोजणीच्या पद्धतीत तर एक ‘ए’ नावाचा घटकच आहे, मटेरियलप्रमाणे ०.२ ते ०.८ च्या मधला, तो हे श्रेय दोघांत वाटून देतो. कोणतीही पद्धत घ्या पण मीटिंगमधे ठरवा आणि मिनिट्समधे (मीटिंगच्या लेखी नोंदीत) लिहा. रिझल्ट आल्यावर ठरवायला गेलात तर प्रत्येक कंपनीला तीच पद्धत शास्त्रीय वाटायला लागते जिच्यात तिचा आकडा चांगला दिसतो.

माझं मत विचाराल तर या सेशनला एलसीएवाल्याला प्रेझेंटेशन करूच देऊ नका. त्याला बोर्डाजवळ उभं करा, प्रक्रियेचे चौकोन काढायला लावा आणि प्रत्येक बाणावर आकडा कोण देणार त्याचं नाव लिहायला लावा. जे बाण बिननावाचे राहतील तिथे प्रोजेक्ट पुढे फाटणार आहे.

६. कंपन्यांना खोलीत बोलतं करायचं असेल तर

कंपनीचा माणूस गप्प बसतो तेव्हा त्याला रस नसतो असं नाही, बऱ्याचदा त्याला भीती असते की आपली रेसिपी बाहेर जाईल. मीटिंगआधी प्रत्येकाकडून विचारून घ्या की काय सगळ्यांसमोर बोलता येईल, काय फक्त एखाद्या पार्टनरशी आणि काय अजिबात नाही. प्रोजेक्टच्या आधीपासून ज्याच्याकडे जे ज्ञान किंवा पेटंट आहे त्याची यादी कन्सॉर्शियमच्या करारात असते, ती अपडेट आहे का बघा. स्लाइडचे फोटो काढायचे की नाही हे सुरुवातीलाच सांगून टाका. आणि एकाच धंद्यातल्या दोन स्पर्धक कंपन्या खोलीत असतील तर त्यांच्या विक्रीच्या किमती, ग्राहक, पुढच्या उत्पादनाचे प्लॅन यावर चर्चा होऊ देऊ नका, स्पर्धेच्या कायद्यात ते अडकू शकतं. रिसर्चवाल्यांना हे लक्षात येत नाही, ते निरागसपणे ‘किलोला काय भाव मिळतो?’ विचारून मोकळे होतात.

डेटा उघडा करायचा की नाही यावर विद्यापीठवाले आणि कंपनीवाले कायम दोन टोकांना. मधला मार्ग म्हणजे कच्चे आकडे बंद, पण सरासरी किंवा रेंज खुली, आणि कोणती फाइल कुठे आहे, कुणाकडे मागायची याची माहिती सगळ्यांना. हे डेटा मॅनेजमेंट प्लॅनमधे लिहा, तोंडी ठरवू नका.

अजून एक. डेन्मार्कमधलं कालुंबोर्ग हे या विषयात सगळीकडे दाखवलं जाणारं उदाहरण आहे, रिफायनरी, वीजकेंद्र, औषध कंपनी हे एकमेकांची वाफ, पाणी वगैरे वापरतात, १९७० च्या दशकापासून हे वाढत गेलं. तिथे कुणी वरून मोठा आराखडा लादला नव्हता, दोन-दोन कंपन्यांना जिथे परवडलं तिथे त्यांनी आपसात करार केले आणि जाळं तयार होत गेलं. तेव्हा तुमच्या मीटिंगमधे ‘या देवाणघेवाणीत तुम्हाला काय सुटतं?’ हा प्रश्न प्रत्येक जोडीला विचारायला लाजू नका. उत्तर फक्त ‘ग्रँट’ एवढंच असेल तर ग्रँट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ते बंद पडणार हे धरून चाला.

७. प्लांट बघायला जाल तेव्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, जेवणानंतर नको. बूट, हेल्मेट, जॅकेटचे साइझ आधी मागवून घ्या. गाइड तुम्हाला नवीन चकचकीत मशीन दाखवेल, ते बघा, पण मग रिजेक्टचा ढीग कुठे आहे ते विचारा. त्यात काय पडलंय ते जवळून बघितलं की डिझाइनवाल्याला दहा स्लाइडमधून कळलं नसतं ते कळतं: कागदाचं लेबल न निघालेला डबा, दोन जातीचं प्लॅस्टिक घट्ट चिकटवलेली झाकणं, आत अजून अर्धं क्रीम असलेली ट्यूब. प्रत्येकाला तिथून एकेक वस्तू उचलायला लावा (ग्लोव्हज घालून) आणि परत आल्यावर ती वस्तू इथे का पडली यावर अर्धा तास बोला.

८. ऑनलाइनवाले

काही जण ऑनलाइन असणारच. कॅमेऱ्यापेक्षा माइकवर पैसे घाला. आणि त्यांची बाजू बघायला खोलीतला एक माणूस नेमा, नाहीतर ते दोन तास ऐकून शेवटी चॅटमधे ‘आवाज येत नाहीये’ लिहून निघून जातात.

९. मिनिट्स

कोण काय बोललं ते लिहू नका, कुणी वाचत नाही. निर्णय, काम, नाव, तारीख, बस. नाव म्हणजे माणसाचं, ‘युनिव्हर्सिटी टीम’ असं नाही. शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा आणि हे सगळं स्क्रीनवर सगळ्यांसमोर वाचून घ्या, तिथल्या तिथे दुरुस्ती होते आणि नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ येत नाही. त्याच आठवड्यात पाठवून द्या. करारात आक्षेप घ्यायला किती दिवस दिलेत ते मेलमधेच लिहा, तेवढ्यात कुणी काही बोललं नाही तर मिनिट्स मान्य.

देवाणघेवाणीची ती शीट मीटिंगनंतर अपडेट करा, आणि आता ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. त्यातली कुठली तारीख डिलिव्हरेबलला धक्का लावतेय असं दिसलं तर फंडिंगवाल्या अधिकाऱ्याला लगेच कळवायला कोऑर्डिनेटरच्या मागे लागा. मुदत संपायच्या तीन महिने आधी सांगितलेला उशीर बहुतेक वेळा एका पत्राने सुटतो, मुदत संपल्यावर सांगितला की खुलासे, फोन आणि कधी कधी पैसे अडकणं.

पुढच्या मीटिंगची तारीखही लोक उठायच्या आतच ठरवून घ्या, नंतर डूडल पोल पाठवलात तर आठ पार्टनरांच्या आठ सुट्ट्या जुळवता जुळवता महिना जातो.